आभाळातून परतलेली भेंडी

विमानात बसून परत आलेली भेंडी कशी दिसते हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याने हे जेवणाआधी वाचू नये. जेवणानंतर तर मुळीच वाचू नये. मधल्या वेळेत चालेल, पण शेजारी बादली ठेवावी.

मी कर्जत तालुक्यातल्या, राजनाला कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या एका गावचा. खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात शेती करतो, असं मी लोकांना सांगतो. खरं तर उरलेल्या वेळात मी बोलतो. माझ्या बोलण्यात रुपयाला चार आणे भर असते असं गावात म्हणतात. म्हणोत बापडे. या गोष्टीत मात्र मी हात घातलेला नाही, कारण हिच्यात हात घातला की तो कोपरापर्यंत बुळबुळीत होतो.

आम्ही तीन भाऊ. थोरला मागेच गेला. त्याच्या माघारी वहिनी गावातच राहिली, घर आणि शेत धरून. धाकटा नेरळला फ्लॅट घेऊन राहतो आणि गावात येतो तो गॉगल घालून, जणू आम्ही वेल्डिंग करत बसलोय. नाल्याकाठचं शेत तिघांच्या नावावर. कसते एकटी वहिनी.

धाकट्याच्या मागे एक एजंट लागला होता. पांढरे बूट घालणारा. आमच्या बांधावर पांढरे बूट घालून येणारा माणूस एकतर नवरदेव असतो नाहीतर जमिनीचा एजंट; नवरदेव निदान एकदाच येतो. हा आठवड्याला यायचा. शेताकडे हात करून म्हणायचा, इथं क्लबहाऊस, इथं स्विमिंग पूल, इथं छोटे छोटे बंगले, शहरातल्या लोकांना निसर्ग हवा असतो. म्हणजे ज्यांना पाऊस बघायचाय पण चिखल नको, अशांसाठी आमचा चिखल उचलून न्यायचा.

"दादा, शेतात काय ठेवलंय रं?" धाकटा मला म्हणायचा. "शेलूला बघ जाऊन. जिथं बगळा उभा राहायचा तिथं सात मजली बिल्डिंग उभी हाय."

"आणि बगळा?"

"बगळ्यानं वांगणीला जागा घेतली असंल. तू सही कर."

माझं काय, मी सही करेन म्हणालो आणि करणार नाही असंही म्हणालो. दोन्ही मनापासून. पण तिसरी सही वहिनीची, आणि वहिनी काही माझ्यासारखी नाही.

दिवाळीत ओटीवर बसणं झालं. एजंटसुद्धा होता, चकल्या खात. वहिनी आतून आली, पदर खोचलेला, आणि म्हणाली, "कुंभिवलीच्या हायवेवर भाजी पॅक करायची शेड हाय. ते लोक आखातात भेंडी पाठवत्यात, विमानानं. मला लावायला सांगितलीय. एक हंगाम द्या. होळीपर्यंत."

"आणि होळीला काय, वहिनी?" धाकटा हसत म्हणाला.

"होळीच्या दिवशी माझ्या बांधावर माल न्यायला टेंपो उभा नसला, तर मी गप सही करीन. उभा असला, तर या ओटीवर पुन्यांदा जमीन इकायचं नाव काढायचं नाय, धाकलं भावोजी."

आणि तिथून उठून गावदेवीच्या देवळात जाऊन तिने पायरीला शपथेचा हात लावला. धाकट्यानेही लावला. गॉगल काढून. एजंटाने पुढची चकली उचलली.

होळीच का, असं बाहेरच्याला वाटेल. आमच्याकडे वर्ष तिथे बदलतं. पौर्णिमेच्या मोठ्या होळीत मधोमध सावरीचं झाड उभं करतात. ते जळत जळत पडलं की वर्ष लागलं. पहिला अग्नी द्यायचा मान आमच्या घराचा. थोरल्यानंतर तो माझ्याकडे यायचा होता, पण धाकट्याने घेतला, कारण त्याचा फोटो निघतो. या मानाला एक शेपूटही आहे. झाड पडायच्या आत होळी विझली, तर ज्याच्या हातून विझली त्याच्या घरात पुढच्या होळीपर्यंत काही नवं होत नाही. सोयरीक नाही, घरभरणी नाही, जमिनीचा व्यवहार तर नाहीच नाही. दुसरा कोणी त्यांच्याशी करतही नाही. म्हाताऱ्यांनी ऐकलं होतं, आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. फाल्गुनातल्या वाळल्या लाकडांची होळी विझवायला अंगात विशेष गुण लागतात.

तर भेंडी लागली. आणि काय लागली म्हणून सांगू! सकाळी फुलाकडे बघून शिंकलो तर संध्याकाळी तिथे शेंग. वहिनी आणि वरच्या वाडीतल्या दोन बायका उजाडायच्या आत हातात मोजे चढवून तोडायला लागायच्या. भेंडीची लव अंगाला लागली की अशी खाज सुटते की माणूस बैलासारखा खांबाला पाठ घासतो. मी एकदा मोज्यांशिवाय गेलो. त्यानंतर दोन दिवस मी नमस्कार करतोय की खाजवतोय हे लोकांना कळत नव्हतं.

टेंपोबरोबर शेडचा सुपरवायझर यायचा. टोपीवाला, हातात बोटभर लांबीची प्लास्टिकची पट्टी. तिकडच्या गिऱ्हाइकाला म्हणे बोटभरच भेंडी लागते, सरळ, हिरवीगार, डाग नको. हा पट्टीने मोजायचा आणि जरा लांब निघाली की दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूला टाकायचा, अंगावर पाल पडल्यासारखी. मला त्या चिमटीचीच शिसारी यायची. पहाटे उठून तीन बायकांनी खाजेसकट तोडलेली भाजी, आणि हा बाबा तिच्याकडे नाक वर करून बघतो. त्याच्या आईने त्याला लहानपणी काय भरवलं असेल? पट्टी?

"वाकडी हाय," तो म्हणायचा.

"तूपण जरा वाकडाच उभा हायस," वहिनी म्हणायची. "तुला कुठं टाकला आमी?"

टाकलेली भेंडी आम्ही खायचो. सकाळी भाजी, रात्री आमटी. मुलांच्या डब्यात, पाहुण्यांच्या ताटात. पाहुणे कमी झाले, हा फायदा.

पण टेंपो यायचा. रोज यायचा. कर्जत-चौक रस्त्याने हायवेला, कुंभिवलीच्या शेडमध्ये, तिथून गार गाडीने मुंबईच्या विमानतळावर, आणि दुसऱ्या दिवशी म्हणे आमची भेंडी वाळवंटातल्या दुकानात. मला वाटायचं भाजीचं वेगळं विमान असेल. टेंपोवाल्याने मला शहाणं केलं.

"कुठलं येगळं, काका? माणसांच्याच इमानात. वर माणसं, खाली पोटात भेंडी. तुमी वर ऐटीत शीटवर बसा, तुमच्या बुडाखाली काकींची भेंडी असणार."

वहिनीला हे फार आवडलं. ती आयुष्यात विमानात बसलेली नाही. तोडणी करता करता आभाळात विमान चकाकलं की वाडीतल्या बायकांना म्हणायची, "त्यात माझी हाय गं." पहिल्यांदा मीही मान वर करून बघितलं. खोटं कशाला सांगू, मला ती आत दिसली.

मग माघ सरता सरता तिकडे आखातात लढाई पेटली.

मला लढाईचं कोणाचं बरोबर, कोणाचं चूक काही सांगू नका. मी पाहिलं ते एवढंच की इथून समुद्रापलीकडे कोणीतरी बटण दाबलं आणि आमच्या गावात धाकटा मोबाईल घेऊन खुर्चीत उड्या मारायला लागला. "दादा, बघ बघ, कसलं उडवलं! हे बघ, पूर्ण बिल्डिंग!" व्हिडिओला कोणीतरी ढोलताशाचं संगीत लावलेलं. रात्रीच्या आभाळात लाल रेघा, खाली आग, आणि वर ढोल. मी म्हटलं, त्या बिल्डिंगीत माणसं असतील की. तर म्हणाला, "अरे, मॅच बघताना बॉलला लागलं का असं विचारतोस का?" मला त्या क्षणी भरल्या पोटी ओकारी आली असती तर बरं झालं असतं, त्याच्या मोबाईलवर झाली असती. आणि तो एकटा नव्हता. नाक्यावर, दुकानात, देवळाच्या पारावर, सगळे सेनापती. ज्यांना शेजारच्या बांधाची हद्द माहीत नाही ते दुसऱ्यांच्या देशांच्या हद्दी बोटाने आखत होते. वड्याचा तेलकट हात चड्डीला पुसायचा आणि म्हणायचं, आता इकडून मारलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला नाही.

वहिनीने भेंडी भरलेल्या क्रेटी सावलीत ठेवल्या, वर ओलं फडकं टाकलं. दुपारी फोन केला. टेंपोवाला म्हणाला, "काकी, आभाळ बंद हाय."

वहिनी अंगणात आली, वर बघितलं. निळंभोर. एक ढग नाही. "उघडं तर हाय रं."

"इथलं नाय, तिथलं. त्यांनी आभाळच बंद केलंय. इमानं उडत नायत. काही इमानं अर्ध्या वाटेवरनं फिरवली. जी उडत्यात ती लांबनं वळसा घालत्यात, त्यांना डिझेल जास्त लागतंय—"

"इमानाला डिझेल?"

"जे लागतं ते. ते जास्त भरलं का सामान कमी. त्यात आधी औषधं, मग मोठ्या कंपन्यांचं सामान. भेंडी शेवटी, काकी. भेंडीला कोण इचारतो?"

सुपरवायझरचा फोन बंद होता. काल बोटभर पट्टीने जग मोजणारा माणूस, आज त्याचा पत्ता नाही. त्या माणसाचा मला तेव्हा जेवढा तिटकारा आला तेवढा लढाई करणाऱ्यांचाही आला नाही. लढाई करणारे निदान दिसत नव्हते; हा काल आमच्या ओटीवर ताक पिऊन गेला होता.

आता ज्यांनी भेंडी लावलेली नाही त्यांना वाटेल, मग तोडू नका. तिथेच तर मेख आहे. भेंडी रोज तोडावी लागते. नाही तोडली तर शेंग जून होते, आत बी धरते, झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते फुलायचं थांबतं. एकदा बसलं की बसलं. आभाळ आज उघडो की महिन्याने, झाड चालू ठेवायचं तर तोडायलाच हवी. तिकडे बटण दाबणाऱ्याला थांबता येतं. वहिनीला येत नव्हतं.

म्हणून वहिनी रोज पहाटे तोडायची. मोजे चढवून, खाजेसकट. आणि तोडून नेऊन बांधाच्या कडेच्या खड्ड्यात ओतायची.

बाजारात का नाही विकली, असं मला कारखान्यातल्या एका हुशाराने विचारलं. अरे गाढवा, आभाळ काय फक्त वहिनीचं बंद झालं होतं? कर्जतपासून खालापूरपर्यंत ज्याने ज्याने शेडसाठी भेंडी लावली होती तो तो क्रेट डोक्यावर घेऊन बाजारात उभा. चौकच्या नाक्यावर तर भाजीवाल्याला नुसतं "केवढ्याला" विचारलं तर तो पिशवीभर हातात कोंबून पळून जायचा. एका लग्नात, मी डोळ्यांनी पाहिलं, आहेरात भेंडी आली. नवरीच्या बापाने ती परत केली म्हणून सोयरीक तुटता तुटता राहिली. पहिल्या दिवशी म्हशींनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी म्हशींनी आमच्याकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी दावं तोडलं.

आणि खड्डा सडायला लागला.

भाजी सडते तशी भेंडी सडत नाही. भेंडी विरघळते. आधी काळी पडते, मग तिच्या आतली सगळी बुळबुळ बाहेर येते आणि शेंगा एकमेकींत मिसळून शेंबडाचा एक गोळा होतो. त्याला तारा सुटतात. काठी बुडवून वर काढली तर तार डोक्याएवढी उंच. त्यावर हिरव्या माश्या. आणि वास! मेलेला उंदीर, नासलेलं दूध आणि सासुरवाडीचा राग एकत्र करून उन्हात ठेवावा तसा. वाऱ्याची दिशा बदलली की गावात खिडक्या लागायच्या. मास्तरांनी शाळेत प्रार्थना तोंड मिटून घ्यायला सुरुवात केली. कावळे आमच्या गावावरून उडायचे बंद झाले. देवाशपथ. संध्याकाळी डोंगराकडे परतणारे बगळे गावाच्या वेशीवर आले की एकदम वळायचे आणि खोपोलीवरून वळसा घालून जायचे. बगळ्यांनाही त्यात डिझेल जास्त लागत असणार. म्हणजे शेवटी आमचंही आभाळ बंद झालं.

वहिनीच्या अंगाला तो वास बसला. दुकानात गेली की बायका सरकायच्या. बोलायच्या नाहीत, सरकायच्या. ती सामान घेऊन निघायची. मी एकदा म्हटलं, "वहिनी, सोडून द्या. होळी तोंडावर आली. लढाई काही आपल्या शिमग्यासाठी थांबत नाही."

"मधलं भावोजी," ती म्हणाली, "होळीच्या दिवशी आभाळ उघडलं, टेंपो आला, आणि झाडं बसलेली असली, तर टेंपोत काय भरू? तुमाला?"

होळीच्या दिवशी दुपारी टेंपो आला.

मी ओटीवरून धावत बांधावर गेलो. वहिनी आधीच उभी होती, मोजे घातलेली, मागे सकाळच्या तोडणीच्या क्रेटी. टेंपोवाला खाली उतरला, तोंडाला रुमाल. त्याने मागची झडप उघडली आणि मी चार पावलं मागे सरलो. आत खोकी होती. पुठ्ठ्याची, ओली, तळातून काळं पाणी ठिबकणारी.

"काकी, तुमचीच हायत. लढाईच्या आधल्या दिवशीची."

ती खोकी विमानतळावर रांगेत पडली होती. मग म्हणे त्यातली काही चढली, विमान उडालं, समुद्रावर गेलं, पुढे आभाळ बंद म्हणून फिरलं आणि परत उतरलं. मग उन्हात पडली. मग कोणी उचलेना. शेवटी शेडवर परत आली, आणि शेडवाल्याने नाक दाबून सांगितलं की ज्याचं त्याला देऊन या. प्रत्येक खोक्यावर ते कुठल्या शेतातलं याचा नंबर चिकटवलेला असतो, भाजीत फवारणीचं औषध जास्त निघालं तर मान कोणाची धरायची हे कळावं म्हणून. त्या नंबरावरून ती बरोब्बर घरी आली. आमच्या खानदानात विमानात बसलेलं पहिलं कोणी असेल तर ही भेंडी, आणि तिलाही बिचारीला उतरू दिलं नाही.

"मी कशाला घेऊ?" वहिनी म्हणाली.

"नंबर तुमचा हाय, काकी."

"इमान माझं हाय का रं? लढाई माझी हाय का?"

टेंपोवाल्याने तोंडावरचा रुमाल आणखी घट्ट बांधला. तेवढ्यात मागून धाकट्याची मोटार आली. होळीला अग्नी द्यायचा म्हणून नवा कुर्ता, बरोबर एजंट, पांढऱ्या बुटांसह, पुरणपोळी खायला आणि सही ठरवायला.

मी वहिनीची बाजू सावरायला म्हटलं, "हे बघ, होळीचा दिवस आहे आणि टेंपो बांधावर उभा आहे. ठरल्यासारखं झालं."

"माल न्यायला असं ठरलं होतं," धाकटा म्हणाला. "आणून टाकायला नाय."

मी शब्द आणखी पिळणार होतो, पण वहिनीनेच मला थांबवलं. "शब्दात भेसळ नको, मधलं भावोजी. न्यायलाच म्हणलं होतं मी." तिने मोजे काढले, एकात एक घातले, बांधावर ठेवले. "हरले. पाडव्याला कागूद आणा. सही करीन."

एजंट म्हणाला, "ताई, तुम्ही समजूतदार आहात." एवढं बोलताना त्याने नाकाला रुमाल लावलेला. मला त्याच्या समजूतदारपणासकट त्याला खड्ड्यात बसवावंसं वाटलं.

गोष्ट इथे संपायची. पण धाकट्याला जिंकून पुरत नाही, त्याला जिंकलेलं दाखवावं लागतं.

दिवेलागणीला गाव होळीपाशी जमलं. मधे सावरीचं झाड, भोवती लाकडं, गोवऱ्या, पेंढा. गुरवाने पूजा केली, नारळ दिला. धाकट्याने अग्नी दिला, फोटो निघाला. होळी मस्त पेटली. गावाने हाताची पालथी मूठ तोंडावर मारून बोंब ठोकली, आणि मी तुम्हाला सांगतो, त्या वर्षीच्या बोंबेत जीव होता. नेहमी आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्याच्या नावाने बोंब मारतो. त्या दिवशी कोणी लढाईच्या नावाने मारली, कोणी सुपरवायझरच्या, कोणी विमानाच्या आणि एका आजीने तर भेंडीच्याच नावाने, सात पिढ्यांसकट.

तेव्हा धाकट्याला सुचलं. "ती खोकी आणा रं! वर्षाची घाण होळीत जाळतात. वहिनींची परदेशी भेंडी टाका होळीत, वास तरी जाईल गावाचा!"

लोक हसले. टेंपो जवळच उभा होता. टेंपोवाल्यालाही खोक्यांपासून सुटायचं होतं. चार-पाच जण धावले.

वहिनी बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती पुढे आली. "धाकलं भावोजी, ती जळायची नाय. वली हाय."

"आगीपुढं काय वलं नि काय सुकं, वहिनी? हरलात ना, आता गंमत बघा."

 मग मागे जाऊन उभी राहिली. तिने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मला काय, मी पुरणपोळी खात होतो.

पहिलं खोकं पडलं तेव्हा फुस्स झालं. दुसरं पडलं तेव्हा गर्रर्र. धाकटा म्हणाला, आणखी टाका, जोराने टाका, मधे टाका! मधे टाकली. पुठ्ठे फाटले आणि आतला तो शेंबूड, आठवड्यांचा शिजलेला, उन्हात पिकलेला, बदाबदा लाकडांवर सांडला. निखाऱ्यावर त्याला फेस आला. पिवळा-हिरवा फेस, दूध उतू जातं तसा, फुगत फुगत लाकडांच्या फटीफटीत शिरला. धूर निघाला तो काळा नव्हता, पांढरा नव्हता. त्याला जो रंग होता त्याला मराठीत नाव नाही आणि नसलेलंच बरं. तो धूर गावाच्या अंगावर आला. सगळे जे ओकायला लागले, ते मी सांगत नाही, आधीच सांगितलंय बादली ठेवा म्हणून. एजंट पळताना घसरला आणि त्या पांढऱ्या बुटांचं जे झालं, ते बूट त्याने तिथेच सोडले. मोज्यांवर मोटारीपर्यंत गेला.

धूर ओसरला तेव्हा सावरीचं झाड उभंच होतं. बुंध्याशी काळं, वर हिरवं. खाली निखारा नाही, ठिणगी नाही. नुसती तार सुटलेली बुळबुळ, आणि ती हळूहळू उताराने धाकट्याच्या पायाकडे येत होती.

बोंब थांबली. 

गुरव म्हातारा, पण आवाज खणखणीत. धोतराच्या सोग्याने तोंड पुसत म्हणाला, "कोणाच्या हातनं इझली रं?"

 सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. नव्या कुर्त्यावर फेस.

"मी काय मुद्दाम—" धाकटा म्हणाला.

"मुद्दाम कोण इझवतो, बाबा? अग्नी तूच दिलास, इझवलासपण तूच. पुढल्या होळीपातूर तुज्या घरात नवं काय नाय. कागदाला हात लावू नको. आणि त्या पळालेल्यालाबी कळव."

धाकट्याने मला म्हटलं, "दादा, हे कुठल्या जमान्यातलं! तू तरी सांग यांना." मी सांगायला तोंड उघडलं, पण धूर गेला घशात. शिवाय तालुक्यात साक्षीदार म्हणून सही करायला गावातलंच कोणीतरी लागतं, आणि आता गावातला कोणी त्या कागदाच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. नेरळचा फ्लॅट असला तरी धाकट्याची बायको याच पंचक्रोशीतली. ती तोंडावर पदर धरून एवढंच म्हणाली, "घरी चला. आणि मागच्या शीटवर बसा."

वहिनी पुढे आली. मला वाटलं हसेल. हसली नाही. "मी शब्द फिरवत नाय, भावोजी. सही करीन. पण आता वरीसभर थांबायला लागंल तुमाला."

आणि ती घरी गेली, कारण पहाटे तोडणी होती.

लोक मला विचारतात, मग चांगलंच झालं की. काय चांगलं झालं? शहाणपणाने जमीन राहिली असती तर मी पेढे वाटले असते. वहिनीची मेहनत जिंकली असती तर गावजेवण घातलं असतं. मेहनत हरली. शेंबूड जिंकला. दोन टोकांच्या दोन मूर्खांनी, एकाने तिकडे आभाळ पेटवलं आणि एकाने इथे होळी विझवली, म्हणून आमचा बांध एक वर्ष वाचला. अशा वाचण्याचीही मला किळस येते. आंघोळ करूनही जात नाही ती.

आभाळ पुढे हळूहळू उघडलं. सगळं नाही; फटीफटीने. विमानं अजून वळसा घेतात, पोटात जागा कमी, आधी औषधं, मग भेंडी. एका सकाळी टेंपो आला आणि त्यातून टोपीवाला सुपरवायझर उतरला. फोन का बंद होता, खोकी का पाठवली, एक शब्द नाही. खिशातून पट्टी काढली. पट्टी आधीपेक्षा आखूड होती. "जागा कमी हाय ना," म्हणाला, "आता छोटीच घेणार." आणि एक शेंग चिमटीत धरून बाजूला टाकली.

मी म्हटलं, वहिनी, याला हाकला. याच्या टोपीत खड्ड्यातलं भरून पाठवा.

"हाकला तर पुढल्या होळीला बांधावर कोण उभा राहणार? सहीच्या आधी एकदा टेंपो दाखवायचाय धाकल्या भावोजींना," ती हळूच म्हणाली आणि त्याच्याकडे वळून, "ताक घेणार का?"

घेतलं त्याने. दोन पेले.

आता रजेच्या दिवशी मीही तोडायला जातो, मोजे घालून. परवा तोडता तोडता वरून विमान गेलं. मी मान वर करून बघत राहिलो, हे सरळ चाललंय की वळतंय. लांबवर गेलं तरी कळेना. मागून वहिनीचा आवाज आला.

"वर काय बघताय, मधलं भावोजी? पानाआड ती एक राहिली तुमची. ती आधी तोडा. उद्या तिचं दांडकं व्हईल."